कॉलेजच्या लायब्ररीतलं पुस्तक वाडीत कसं आणावं

कॉलेजच्या लायब्ररीचा नि आपला काय संबंध, असं वाटणाऱ्यांसाठी हे लिहितेय. मी मालवण तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत राहते. शिवणकाम करते: ब्लाउज, परकर, जूनमध्ये शाळेचे युनिफॉर्म. विद्यार्थिनी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढले नाही. पण आमच्या जवळच्या कॉलेजची लायब्ररी दर वर्षी एक पुस्तक ठरवते आणि विद्यार्थी, प्राध्यापक, आजूबाजूची गावं अशा सगळ्यांनी ते वाचावं म्हणून उपक्रम चालवते. त्यात आमची वाडी असते. शेजारच्या गावांतल्या बायका कपडे शिवायला येतात तेव्हा विचारतात, "कसा काय करतास गो तुमी?" प्रत्येकीला मशीन थांबवून सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकते.

सगळ्या शहरानं मिळून एकच पुस्तक वाचायचं, ही कल्पना अमेरिकेतल्या सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयातून १९९८ साली निघाली. नॅन्सी पर्ल नावाच्या ग्रंथपाल बाई त्यात पुढे होत्या. नंतर ती गावोगावी गेली. आपल्याला यात नवं असं फार नाही. श्रावणात घरात पोथी लागते तेव्हा एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्येच कोणी अर्थ विचारतं, कोणी चहा ठेवायला उठतं. तीच बैठक, फक्त पाटावर कादंबरी.

आधी एक गोष्ट तपासा: उपक्रम खरोखरचा आहे की फोटोपुरता. १५ ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, वाचन प्रेरणा दिन असतो. २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जयंतीचा मराठी भाषा गौरव दिन. २०२५ च्या जानेवारीत तर पहिला पंधरवडा राज्यभर कॉलेजांतून वाचनाचे कार्यक्रम झाले. या दिवशी हार, दीपप्रज्वलन, भाषण सगळीकडेच असतं, आणि त्यात वाईट काही नाही. पण ग्रंथपालांना तीन प्रश्न विचारा. ठरलेल्या पुस्तकाच्या प्रती किती आहेत? बाहेरच्या माणसाला घरी न्यायला मिळते का? पुढची बैठक कधी? तिन्हींची उत्तरं लगेच आली तर पिशवी घेऊन जा. "बघू, कळवू" असं आलं तर तिथे हेलपाटे घालण्यात अर्थ नाही, तालुक्याच्या वाचनालयात चौकशी करा. आपल्या कोकणात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ चं. अशा ठिकाणी बाहेरच्या वाचकाची सवय असते.

कॉलेजात गेलात की देवघेवीच्या काउंटरवर उभं राहू नका. तिथला माणूस विद्यार्थ्यांची ओळखपत्रं बघण्यात गुंतलेला असतो, त्याला वाटतं तुम्ही मुलाची फी भरायला आलात. सरळ ग्रंथपालांना भेटा. वेळ साधारण अकराची, मधल्या सुट्टीत नको. आपली कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली येतात, त्यांच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या दिवसांत अभ्यासिका भरलेली असते, तेव्हा कोणाला आपल्याशी बोलायला सवड नसते. सोबत आधारची झेरॉक्स, एक फोटो आणि थोडे पैसे ठेवा. बाहेरच्या सभासदाकडून काही ठिकाणी अनामत घेतात. ती परत मिळते, पण पावती जपली तरच. मी पावती शिलाईच्या मापवहीला टाचून ठेवते, कारण घरात ती एकच वही कधी हरवत नाही.

काही कॉलेजांत नियमच असतो की पुस्तक फक्त विद्यार्थी नि स्टाफला. मग वाडीतला कॉलेजात जाणारा मुलगा शोधा. आमच्याकडे माझा पुतण्या होता, आता त्याच्या मागचा एक आहे. पुस्तक त्याच्या कार्डावर येतं, पण ते फाटलं तर दंडही त्याच्याच नावावर बसतो. तेवढं वाडीत सगळ्यांसमोर बोलून घ्या, नंतर त्या पोराच्या आईला ऐकवायला लागू नये. दुसरा मार्ग गावच्या वाचनालयाचा. सरकारमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात. गावातलं बहुतेक ड वर्गातलं, एका खोलीचं. तिथल्या माणसाने कॉलेजच्या ग्रंथपालांना पत्र दिलं की दोन-तीन प्रती वाचनालयाच्या नावावर मिळू शकतात. पत्र अध्यक्षांच्या सहीशिक्क्याने द्या. शिक्क्याला अजून मान आहे.

हजेरीच्या कागदावर सही करायला सांगतील, फोटो काढतील. कॉलेजांचा दर्जा तपासणारी नॅक नावाची संस्था आहे, तिच्या फाइलला कॉलेजला ते लागतं, गावात जाऊन काय केलं ते दाखवावं लागतं. रागावू नका. आमच्या सुलभाकाकींनी पहिल्यांदा विचारलं होतं, "सही कित्याक, कर्ज काढतंव काय?" आता त्याच सगळ्यांच्या आधी पेन मागतात.

प्रती कधीच पुरत नाहीत, हे गृहीत धरूनच चाला. पूर्ण पुस्तक झेरॉक्स करायचा मोह होतो, तो करू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ते बसत नाही आणि ज्याने लिहिलं त्याच्या पोटावर पाय येतो. लेखक जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर गोष्ट वेगळी, ते पुस्तक सगळ्यांसाठी मोकळं होतं. तसली बरीच जुनी मराठी पुस्तकं विकिस्रोत नावाच्या वेबसाइटवर फुकट वाचता येतात, मोबाइलवर अक्षर मोठं करून. कोणाच्या माळ्यावर त्याच पुस्तकाची जुनी आवृत्ती निघाली तर तीही चालते. फक्त एक ध्यानात ठेवा: आवृत्ती बदलली की पानांचे आकडे बदलतात. म्हणून "पान ८७ पर्यंत वाचा" असं सांगू नका, "पाचवं प्रकरण संपेपर्यंत" असं सांगा. नाहीतर बैठकीत अर्धी माणसं एका प्रसंगावर आणि अर्धी दुसऱ्या प्रसंगावर भांडत बसतात.

आमचा उपाय म्हणजे एक प्रत आणि मोठ्याने वाचन. यात आळस नाही, उलट जास्त जण आत येतात. डोळ्यांना मोतीबिंदू झालेले, शाळा अर्ध्यावर सुटलेले, जाळं विणताना हात मोकळा नसलेले, सगळे. सुलभाकाकी म्हणतात, "माका वाचूक येना नाय, पण आयकूक येता." मराठी पुस्तकाचं एक पान न धावता वाचायला दोन ते तीन मिनिटं लागतात. म्हणजे अर्ध्या तासात दहा-बारा पानं. दोनशे चाळीस पानांचं पुस्तक आठवड्याला चार बैठका धरल्या तर पाच-सहा आठवड्यांत होतं. अर्ध्या तासावर जाऊ नका. पाऊण तासाला चुळबुळ चालू होते, एकीला भात आठवतो, दुसरीला मालिका.

वाचणारा एकच नको. दर प्रकरणाला बदला. शाळेतली मुलं स्पष्ट वाचतात पण पळतात. त्यांना सांगा, पूर्णविरामाला थांब आणि समोर बघ. संवाद असतील तर दोघींनी वाटून घ्या. बसायला आमच्याकडे खळं, पावसात पडवी. वीज जाणार हे धरून चार्जिंगचा दिवा जवळ असू दे.

कधी वाचायचं हे कॉलेजच्या कॅलेंडरवर सोडू नका. कॉलेज जूनमध्ये उघडतं, तेव्हा शेतकऱ्याला लावणीतून मान वर करायला मिळत नाही. मच्छीमाराचं मात्र उलट. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर काढलेल्या, माणसं घरी. त्यामुळे खाडीकडच्या घरांची बैठक आम्ही त्या दोन महिन्यांत घेतो आणि शेतीवाल्यांची तुळशीच्या लग्नानंतर. भातकापणी उरकलेली असते, आंब्याची गडबड अजून लांब असते. त्यात जत्रा येतात, हे खरं. दशावतार असेल त्या रात्री पुस्तक उघडायचा हट्ट धरू नये, कोणी येणार नाही आणि तुम्हीही तिथेच असाल. ग्रंथपालांना हे वेळापत्रक आधी सांगितलंत तर मुदत वाढवून मिळते. न सांगता पुस्तक दोन महिने ठेवलंत तर पुढच्या वर्षी दारात उभं करणार नाहीत.

आता पुस्तक सांभाळणं, कारण आपल्या हवेत ते फार लवकर बिघडतं. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलं की बुरशी धरते, आणि बरेच दिवस कोणी हात लावला नाही तर कसर लागते. येता-जाता ते प्लास्टिकच्या पिशवीत, घरी मात्र पिशवीतून बाहेर, वाऱ्याला, भिंतीपासून थोडं दूर. एवढं करून भिजलंच तर चुलीवर किंवा उन्हात वाळवू नका, पानं वाकडी होतात आणि बांधणी सुटते. पानांच्या मध्ये मध्ये कोरे, शाई नसलेले कागद घाला, पंख्याखाली उभं ठेवा, कागद ओले झाले की बदला. चिकटलेली पानं नखाने सोडवायला जाऊ नका. गुळगुळीत चित्रांची पानं एकदा चिकटली की बहुतेक गेलीच, म्हणून ती आधी वेगळी करा. मासळी साफ करून आलेल्या हाताला साबण लावल्याशिवाय पुस्तक नाही, हा आमच्याकडे नियम आहे. रातांब्याच्या दिवसांत तो दुप्पट कडक, कारण तो लाल डाग काही केल्या जात नाही. खूण म्हणून पानाचा कान दुमडू नका. मी कापडाच्या चिंध्या घालते, शिंप्याच्या घरी त्यांना तोटा नाही. फाटलं तर चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून पान खाते. तसंच न्या आणि सांगा. ग्रंथपाल रागावत नाहीत, चिकटपट्टी बघून रागावतात.

मग येते कॉलेजातली चर्चा. सगळी वाडी जाऊ शकत नाही, चार-पाच जणी पाठवा, त्यातली एक तरी न वाचता फक्त ऐकलेली असू दे. जाण्याआधी एसटीची शेवटची गाडी विचारून ठेवा आणि चर्चा चार-साडेचारला संपवायची विनंती आधीच करा. हे आयोजकांच्या डोक्यात नसतं, त्यांच्याकडे स्कूटर असते. पुस्तक पूर्ण झालं नसेल तरी जा, फक्त शेवट कोणी फोडला तर तक्रार करू नका.

तयारी म्हणून प्रत्येकीने पुस्तकातली एकच जागा धरावी. जिथे अडलं, राग आला, हसू आलं किंवा पटलं नाही, अशी कुठलीही. "पुस्तक फार छान आहे, सर्वांनी वाचावे" यावर पुढे कोणी काय बोलणार? प्रास्ताविक लांबेल, तेवढा वेळ पाणी पिऊन घ्या. पहिले दोन-तीन विद्यार्थी बहुधा लिहून आणलेलं वाचतात. त्यानंतर हात वर करा. मालवणीत बोललात तरी चालतं, प्राध्यापकांना आवडतंच.

एका वर्षी कथासंग्रह होता. त्यात एका कथेत सासू सुनेला एवढंच म्हणते, "दार ओढून घे." एका हुशार मुलीने उभं राहून सांगितलं की हे सुनेला कोंडणं आहे, बाईच्या बंदिवासाचं प्रतीक आहे. छान बोलली. सुलभाकाकी माझ्या शेजारी. त्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "अगो, भायर वारो सुटलोहा. दार आपटतला म्हणान सांगता ती." सभागृह हसलं, पण ग्रंथपालबाईंनी पुस्तक उघडलं. आदल्याच पानावर वादळाचं वर्णन होतं, माडांच्या झावळ्या पडत होत्या. ती मुलगीही काही कमी नव्हती. म्हणाली, "काकी, वारा आहे, पण मग ती स्वतः का नाही उठून लावत?" पुढची वीस मिनिटं त्या एका दारावर गेली, आणि प्राध्यापकांना आवरतं घ्यायला लावून आम्ही धावत स्टँडवर पोचलो. ऐकणाऱ्याच्या ध्यानात काय राहतं ते असं कळतं, म्हणून म्हणते, न वाचता येणारी एक जण न्याच.

अभिप्रायाचा कागद देतील तो अर्ध्या पानात संपवा. नाव, गाव, कुठली जागा धरली आणि का. लिहिता येत नसेल तर सांगून लिहवून घ्या, पण शब्द तिचेच ठेवा, सुधारू नका.

पुस्तक परत करताना तुमच्यासमोर नोंद रद्द करून घ्या आणि अनामत ठेवली असेल तर पावती दाखवा. त्याच फेरीत पुढच्या वर्षासाठी पुस्तक सुचवायची चिठ्ठी द्या. ती फेब्रुवारीच्या आत गेलेली बरी, कारण ३१ मार्चला वर्ष संपायच्या आधी खरेदीची घाई असते. नुसतं नाव लिहू नका. लेखक, प्रकाशक, किंमत आणि आपल्याकडे किती प्रती लागतील तेही लिहा. एका हाताने लिहून खाली वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, अंगठाही चालतो. आमची यंदाची गेली आहे. पाच प्रती मागितल्यात, आणि टाइप मोठा असलेली आवृत्ती निघाली असेल तर तीच द्या, असं खाली सुलभाकाकींच्या जावेने वेगळं लिहवून घेतलंय.