प्राचीन ख्रिस्ती आणि यहुदी ग्रंथांतील येशू: वाचन कसे करावे

येशूविषयी मुळातून वाचू इच्छिणारा वाचक सहसा नवा करार उघडून मत्तयाच्या शुभवर्तमानापासून, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार ग्रंथांतल्या पहिल्यापासून, सुरुवात करतो, कारण छापील क्रम तसा आहे. अभ्यासासाठी मात्र हा क्रम बाजूला ठेवावा आणि ग्रंथ ज्या क्रमाने लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात, त्या क्रमाने वाचावेत. प्रत्येक ग्रंथ केव्हा, कोणी आणि कोणासाठी लिहिला हे ध्यानात ठेवून वाचले, म्हणजे त्यातले येशूचे चित्र असे का रेखाटले गेले हे कळू लागते.

पहिले वाचन पौल या आरंभीच्या ख्रिस्ती प्रचारकाच्या पत्रांचे करावे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेले पहिले पत्र साधारण इ.स. ५० मधले आहे, म्हणजे कोणत्याही शुभवर्तमानाच्या आधीचे. पौल येशूचे चरित्र सांगत नाही. त्याचे उल्लेख तुटक आहेत आणि ते वहीत टिपून घ्यावे लागतात. येशू स्त्रीपासून आणि नियमशास्त्राच्या अधीन जन्मला, त्याला याकोब नावाचा भाऊ होता, धरून दिला गेला त्या रात्री त्याने भाकर मोडली आणि तो वधस्तंभावर मेला, एवढे त्यातून हाती लागते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल सांगतो की, तो यरुशलेमात केफाजवळ, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याजवळ, १५ दिवस राहिला आणि याकोबालाही भेटला. येशूला जवळून ओळखणाऱ्यांशी प्रत्यक्ष बोललेल्या माणसाचे हे स्वतःचे लेखन आहे, म्हणून त्यातली एकेक ओळ मोलाची आहे.

त्यानंतर मार्क, म्हणजे मार्काच्या नावाचे शुभवर्तमान, घ्यावा. तो इ.स. ७० च्या सुमारास, यरुशलेमातील मंदिराचा विध्वंस झाला त्या काळात लिहिला गेला असावा; मत्तय आणि लूक यांनी तो समोर ठेवून लिहिले, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. येथून पुढे एकेक शुभवर्तमान सलग वाचण्याऐवजी वहीच्या पानावर चार रकाने आखून एकच प्रसंग चारही शुभवर्तमानांतून घेऊन शेजारी शेजारी ठेवावा. येशूच्या बाप्तिस्म्यापासून, म्हणजे पाण्याने शुद्ध करण्याच्या विधीपासून, सुरुवात करणे उत्तम. मार्कात योहान नावाचा संदेष्टा पापांच्या क्षमेसाठी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देतो आणि येशू येऊन तो घेतो. त्यावर काही स्पष्टीकरण नाही. मत्तयात योहान येशूला अडवतो आणि खरे तर मीच तुझ्या हातून बाप्तिस्मा घ्यायला हवा, असे म्हणतो. लूक योहानाला तुरुंगात टाकल्याचे आधी सांगतो आणि मग येशूच्या बाप्तिस्म्याचा उल्लेख करतो, पण तो कोणी दिला हे तेथे म्हणत नाही. चौथ्या, म्हणजे योहानाच्याच नावाच्या पण वेगळ्या योहानाच्या मानल्या जाणाऱ्या शुभवर्तमानात, बाप्तिस्मा देणारा योहान येशूविषयी साक्ष देतो. बाप्तिस्म्याचा प्रसंग मात्र येतच नाही. निष्पापाने पापक्षमेचा बाप्तिस्मा का घ्यावा, हा प्रश्न आरंभीच्या ख्रिस्ती मंडळ्यांना किती सलत होता हे या चार रकान्यांवरून दिसते. अशी अडचणीची गोष्ट कोणी मुद्दाम रचणार नाही, म्हणूनच हा बाप्तिस्मा खरोखर घडला असे अभ्यासक सहसा मान्य करतात.

यहुदी शास्त्राकडे, म्हणजे ख्रिस्ती ज्याला जुना करार म्हणतात त्याकडे, वळताना शिस्त अधिक लागते. त्यात येशूचे नाव कोठेही नाही. शुभवर्तमानांचे लेखक त्या शास्त्राच्या प्रकाशात येशूला पाहतात. म्हणून आधी मूळ उतारा त्याच्या स्वतःच्या काळात वाचावा. जखऱ्या या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या नवव्या अध्यायात राजा गाढवावर, गाढवीच्या शिंगरावर बसून येतो. हिब्रू काव्याच्या रीतीने दुसरा चरण पहिल्याचीच पुनरुक्ती करतो आणि जनावर एकच आहे. आता मार्काचा अकरावा अध्याय पाहावा: तेथेही एकच शिंगरू आहे. मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायात मात्र शिष्य गाढवी आणि शिंगरू अशी दोन्ही जनावरे आणतात. संदेष्ट्याचे वचन अक्षरशः पूर्ण झालेले दाखवण्याची मत्तयाची तळमळ येथे उघड दिसते. स्तोत्र २२ आणि येशूच्या वधस्तंभावरील मृत्यूचे वर्णन करणारा मार्काचा पंधरावा अध्याय हेही असेच जोडीने वाचावेत.

योसेफस हा यहुदी इतिहासकार. इ.स. ९३-९४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या त्याच्या यहुदी लोकांच्या इतिहासात येशू दोनदा येतो. विसाव्या भागात ‘ख्रिस्त म्हटलेल्या येशूचा भाऊ’ याकोब याच्या वधाची हकिकत आहे आणि ती सर्वसाधारणपणे अस्सल मानली जाते. अठराव्या भागातला उतारा पेन्सिल हाती घेऊन वाचावा आणि केवळ ख्रिस्ती माणसानेच लिहावीत अशी वाक्ये, उदाहरणार्थ ‘तो ख्रिस्त होता’, वेगळी खुणावावीत. योसेफस येशूला ख्रिस्त मानत नव्हता, असे तिसऱ्या शतकात ओरिगेन हा ख्रिस्ती लेखक सांगतो. त्यामुळे ही वाक्ये नंतर घातली गेली असावीत हे मत बळकट आहे.

तालमूद, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या चर्चांचा संग्रह, शेवटी वाचावा, आणि सहानुभूतीने वाचावा. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये त्याच्या प्रती जाळण्यात आल्या, आणि पुढे येशूविषयीचे उतारे सेन्सॉरमुळे छापील आवृत्त्यांतून गळाले. म्हणून हे उतारे परत घेतलेली आवृत्तीच निवडावी. बाबिलोनी तालमूदच्या सन्हेद्रिन प्रकरणात येशूला वल्हांडण या यहुदी सणाच्या पूर्वसंध्येला टांगले आणि त्याआधी ४० दिवस दवंडी पिटली, असे म्हटले आहे. दुसऱ्या एका ठिकाणी येशू हा यहोशुआ बेन पेराह्या याचा शिष्य दाखवला आहे. हा गुरू येशूच्या सुमारे शंभर वर्षे आधीचा, त्यामुळे येथे काळाचा मेळ बसत नाही. हा ग्रंथ घटनेनंतर काही शतकांनी संकलित झाला. त्यात यहुदी समाजाने ख्रिस्ती दाव्यांना दिलेले उत्तर ऐकू येते. घटनेचा स्वतंत्र पुरावा म्हणून त्यावर भार टाकू नये. पूर्वसंध्येचा तपशील योहानाच्या शुभवर्तमानाशी जुळतो, तर मार्क, मत्तय आणि लूक यांच्यात शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन आहे. हा फरक वहीत नोंदवावा. पण तालमूदने योहानाला दुजोरा दिला असा निष्कर्ष काढू नये, कारण ती माहिती ख्रिस्ती लोकांकडूनच त्याच्यापर्यंत पोहोचली असण्याचा पुरेपूर संभव आहे.