रात्रीची रेल्वे आणि गेलेली झोप: या चुका टाळा

रात्रीच्या गाडीने लांबचा प्रवास करण्यामागचा हिशेब सरळ आहे. हॉटेलची एक रात्र वाचते, दिवस मोडत नाही आणि सकाळी माणूस कामाच्या गावी पोहोचलेला असतो. मात्र हा हिशेब झोप लागली तरच जुळतो. चुरचुरत्या डोळ्यांनी उतरलेला माणूस आधी खोली शोधतो, दुपारपर्यंत झोपतो आणि वाचवलेले पैसे तिथेच घालवून बसतो. झोपेचे काय ते गाडीत चढल्यावर पाहू, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ते तिकीट काढतानाच ठरलेले असते आणि त्याच त्या चुकाही तिथेच होत राहतात.

सर्वांत महागात पडणारी चूक तारखेची आहे. रेल्वेची तारीख रात्री बाराला बदलते, आपल्या मनातली तारीख मात्र सकाळी उठल्यावर बदलते. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री जेवून निघायचे असेल, तर तिकीट शनिवारचे हवे, कारण ००:०५ म्हणजे शनिवार सुरू होऊन पाच मिनिटे झालेली असतात. एका गणपतीला माझ्या मामेभावाने नेमके उलटे केले. गाडी फलाटावर उभी होती, डब्याचा क्रमांक बरोबर होता, आसन क्रमांकही बरोबर होते; फक्त त्या सहाही बर्थवर दुसरे कुटुंब सामान लावून बसलेले होते. दोन्ही बाजूंनी मोबाइल पुढे झाले, आवाज चढले, आणि टीसींनी तिकिटावरच्या तारखेवर बोट ठेवले तेव्हा कळले की यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली आहे. मखराचे सामान, पोरे आणि म्हातारी मामी असा सगळा लवाजमा फलाटावर उतरला. गणपतीच्या गर्दीत जनरल डब्यात पाय ठेवायलाही जागा नव्हती, तेव्हा रात्री एक वाजता सांगेल त्या भाड्याने खासगी गाडी करावी लागली. सुटण्याची वेळ तिकिटावर छापलेली होती; घाईत ती कोणी वाचली नव्हती.

मधल्या स्थानकांवर हा घोळ आणखी वाढतो. कोकणकन्या मुंबईहून रात्री अकराच्या सुमारास सुटते आणि पनवेलला पोहोचेपर्यंत तारीख बदललेली असते. तत्काळ आरक्षण आदल्या दिवशी उघडते, पण तो दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेवरून मोजला जातो. म्हणजे पनवेलला १५ तारखेला चढायचे असेल, तर गाडीची तारीख १४ आणि तत्काळ उघडणार १३ तारखेला. १४ तारखेच्या सकाळी संगणकासमोर बसणाऱ्याला काहीही मिळत नाही. माझी सवय अशी आहे की तिकीट हाती आले की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गाडीची तारीख न लिहिता घरातून निघण्याचा वार लिहायचा: ‘शुक्रवार, रात्री जेवून निघणे’. घरातल्या लहानथोरांना कळते ते हेच.

दुसरी चूक ज्येष्ठांच्या बाबतीत होते आणि ती पाहून मला खरोखर वाईट वाटते. आई-वडिलांचे तिकीट मुले-नातवंडांसोबत एकत्र काढले जाते, वय भरले की लोअर बर्थ आपोआप मिळेल असे गृहीत धरले जाते, आणि गुडघ्याचा त्रास असलेल्या आजींच्या वाट्याला मधला बर्थ येतो. पुरुषांसाठी ६० आणि महिलांसाठी ४५ वर्षांपासून लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, पण त्यासाठी तिकिटावर तसे एक किंवा दोनच प्रवासी असावे लागतात. तरुण मंडळी त्याच तिकिटावर आली की तो कोटा लागू होत नाही. तेव्हा आई-वडिलांचे तिकीट वेगळे काढावे. डबा वेगळा आला तरी चालेल, फलाटावर भेटता येते आणि रात्री जाऊन विचारपूस करता येते. रात्री दहा वाजता अनोळखी माणसाला ‘दादा, जरा बर्थ बदलता का’ म्हणून विनवण्या करणे हा उपाय नव्हे. त्या माणसानेही आपली जागा विचार करून घेतलेली असते.

साइड लोअर बर्थ दिवसा खिडकीसाठी सुखाचा असतो, रात्री तसा राहत नाही. दोन आसनांच्या पाठी पाडून तो तयार होतो आणि मधला सांधा नेमका कमरेखाली येतो. काही डब्यांत त्यावर सरकवायची सलग फळी दिलेली आहे. नसेल तर दुमडलेली सतरंजी त्या सांध्यावर आडवी घालावी. आरएसी (बसायची जागा पक्की, झोपायची नाही) असेल तर याच बर्थवर दोघांनी बसून रात्र काढायची असते, आणि तिकीट भाडे पूर्ण घेतले जाते, हे ध्यानात ठेवून मगच होकार द्यावा. डब्याच्या दोन्ही टोकांचे बर्थ, म्हणजे १ ते ८ आणि सर्वांत शेवटचे आठ, दरवाजा आणि शौचालयाजवळ येतात. रात्रभर तिथे दार आपटते, दिवे लागतात आणि प्रत्येक स्थानकावर सामान आदळते. मी शक्यतो डब्याच्या मध्यावरचा वरचा बर्थ मागतो. तिथे कोणी ‘जरा सरकता का’ म्हणत नाही आणि मधला बर्थ उघडण्याची वाटही पाहावी लागत नाही. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ याच वेळेत उघडायचा असतो. नऊ वाजता खालच्या प्रवाशांना उठवणारा आणि साडेदहापर्यंत खाली गप्पा मारत बसणारा, दोघेही चूकच करतात.

पैशांच्या बाबतीत सर्वांत मोठा भ्रम असा की तत्काळ आहेच, मग घाई कशाला. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. साध्या मेल-एक्सप्रेसचे भाडे पहिल्या दिवशी आणि शेवटच्या दिवशी सारखेच असते, उशिरा आलेल्याला मात्र तत्काळचा भार पडतो: स्लीपरला माणशी १०० ते २००, थर्ड एसीला ३०० ते ४०० रुपये. चौघांच्या कुटुंबाला थर्ड एसीत हा भुर्दंड बाराशे ते सोळाशेपर्यंत जातो, आणि कन्फर्म तत्काळ रद्द केले तर परतावाही नाही. राजधानी आणि दुरांतोचे गणित निराळे आहे. तिथे दर १० टक्के बर्थ विकले गेले की मूळ भाडे चढते, म्हणून त्या गाड्यांचे तिकीट तर लवकरच काढावे.

लांबच्या प्रवासाचे दोन तुकडे करून दोन तिकिटे काढल्याने पैसे वाचत नाहीत. अंतर वाढते तसा किलोमीटरमागे दर कमी होत जातो, त्यामुळे सलग तिकीट स्वस्त पडते. शिवाय आरक्षण शुल्क दोनदा भरावे लागत नाही.

वेटिंगचे तिकीट हातात ठेवून ‘टीसीला सांगू काहीतरी’ म्हणत आरक्षित डब्यात शिरणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. तो प्रवास नियमात बसत नाही, दंड भरून उतरावे लागते आणि दारातल्या गर्दीने इतरांचीही झोप जाते. मधल्या स्थानकावरून पूल्ड वेटिंग (मधल्या अनेक स्थानकांची मिळून एकच प्रतीक्षा यादी) दाखवत असेल, तर गाडी जिथून सुटते तिथून जागा आहे का ते पाहावे. थोडे जास्त भाडे भरून तिथून तिकीट घ्यावे आणि चढण्याचे स्थानक आपले टाकावे. ते टाकायला विसरले तर सुरुवातीलाच गैरहजेरी लागते आणि बर्थ आरएसीवाल्याला जातो.

गाडी पहाटे साडेतीनला पोहोचवत असेल तर ती स्वस्त असूनही मी घेत नाही. सहा ते आठच्या दरम्यान उतरवणारी गाडी निवडली की झोप पूर्ण होते आणि अपरात्रीच्या रिक्षाचे भाडेही वाचते. पर्याय नसेल तर स्थानकावरच्या रिटायरिंग रूमची डॉर्मिटरी तिकिटावरच्या पीएनआर क्रमांकावर आधीच आरक्षित करावी.

स्लीपरमध्ये अंथरूण-पांघरूण मिळत नाही. चादर आणि हवेची उशी घरून न्यावी. थर्ड एसीत चादरी, उशी आणि ब्लँकेट मिळते, पण वरच्या बर्थवर गार झोत थेट अंगावर येतो, म्हणून पायमोजे आणि कानटोपी मी उन्हाळ्यातही घेतो. जेवण घरचे असावे: दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि तेही आठच्या आत. उतरण्याचे स्थानक चुकेल या धास्तीने दर तासाला उठून खिडकीबाहेर पाहणारे अनेक जण आहेत. रेल्वेच्या १३९ क्रमांकावर फोन करून डेस्टिनेशन अलर्ट लावला की स्थानक येण्याआधी फोन येतो. जोडीला मोबाइलचा गजर लावावा आणि फोनचा आवाज बंद नाही ना, एवढे झोपण्यापूर्वी तपासावे.