राउटर घेण्याआधी कागद-पेन घ्या: घरच्या वाय-फायची तयारी

नवा राउटर घ्यायचं ठरलं की आधी कागदावर घराचा ओबडधोबड नकाशा काढा. खोल्या, दारं, ब्रॉडबँडची तार आत येते ती जागा, आणि इंटरनेट प्रत्यक्षात कुठे बसून वापरलं जातं त्या जागा त्यावर दाखवा. काँक्रीटच्या भिंती, लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी, माशांची काचपेटी यांवर खुणा करा. काँक्रीट आणि पाणी रेडिओ लहरी शोषून घेतात, धातू आणि आरशामागचा मुलामा त्या परतवून लावतात. हा कागद शेवटपर्यंत लागणार आहे, म्हणून जपून ठेवा. राउटर बदलायला निघालेल्या अनेक घरांत मी पाहिलं आहे की दोष यंत्रात नव्हता, ते जिथे ठेवलं होतं त्या कोपऱ्यात होता.

आता घोडं नेमकं कुठे पेंड खातं ते तपासा. लॅपटॉपला लॅन केबल लावा, ती सध्याच्या राउटरमध्ये खोचा, लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा आणि वेग मोजा. मग त्याच लॅपटॉपवर वाय-फायने, आधी राउटरजवळ आणि नंतर सगळ्यात लांबच्या खोलीत मोजा. तारेवरही प्लॅनइतका वेग येत नसेल तर आधी कंपनीकडे तक्रार करा, नवा राउटर त्यावर उपाय नाही. तारेवर आणि राउटरजवळ ठीक, पण लांब मार खात असेल तर प्रश्न जागेचा आहे. तारेवर ठीक, पण राउटरशेजारी बसूनही कमी, असं असेल तरच यंत्र जुनं झालंय असं समजा. आकडे वाचताना एक गल्लत टाळा. प्लॅनमधले १०० एमबीपीएस हे मेगाबिट असतात आणि एका बाइटमध्ये आठ बिट, त्यामुळे फाइल उतरवताना सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट दिसणार. तेवढे दिसले तर लाइन पूर्ण चालू आहे.

खरेदीआधी कंपनीला विचारायचे प्रश्न लिहून काढा आणि उत्तरं त्याच कागदाच्या मागे टिपा. स्वतःचा राउटर लावता येतो का? जोडणी पीपीपीओईची आहे, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकावा लागतो, की आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, आपोआप मिळतो? व्हीलॅन आयडी, म्हणजे कंपनीच्या जोडणीचा एक क्रमांक, द्यावा लागतो का, आणि कोणता? जुन्या यंत्राचा ओळख-क्रमांक, म्हणजे मॅक अॅड्रेस तुमच्या खात्याला बांधलेला आहे का? फायबर असेल तर भिंतीवरची पेटी, म्हणजे ओएनटी, ब्रिज मोडमध्ये, म्हणजे तिने राउटरचं काम न करता जोडणी फक्त पुढे द्यावी अशी, टाकून मिळेल का? लँडलाइन किंवा टीव्हीही त्याच पेटीवर असेल तर ते पुढेही चालेल का? हे प्रश्न आगाऊ वाटतील, पण कळकळीने सांगतो, विचाराच. माझ्याकडून एकदा जुना राउटर आधी रिसेट झाला आणि पीपीपीओईचं युजरनेम फक्त त्याच्याच पोटात होतं. ते परत मिळेपर्यंत दोन दिवस घर इंटरनेटशिवाय होतं. तेव्हापासून जुन्या यंत्राच्या सेटिंगची पानं मी आधी फोनवर फोटो काढून ठेवतो, मगच तारेला हात लावतो.

आता निवड. खोक्यावर वाय-फाय ५, ६, ७ असे आकडे असतात, त्या तंत्राच्या पिढ्या. वाय-फाय ६ ची प्रमाणपत्रं २०१९ पासून मिळू लागली, वाय-फाय ७ ची २०२४ पासून. आज घ्यायचा तर सहाच्या खाली जाऊ नये. एकाच वेळी बरीच उपकरणं जोडलेली असली की ही पिढी आधीच्यांपेक्षा गर्दी चांगली सांभाळते. सात तेव्हाच घ्या, जेव्हा घरातले फोन-लॅपटॉप त्या पिढीचे असतील, कारण जुना फोन नव्या राउटरशी त्याच्या जुन्याच भाषेत बोलतो. खोक्यावरचा ‘एएक्स ३०००’ हा आकडा दोन रेडिओ पट्ट्यांच्या वेगांची ढोबळ बेरीज आहे: २.४ गिगाहर्ट्झवरचे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्झवरचे २४०२. एखादं उपकरण एका वेळी सहसा एकाच पट्टीवर असतं, आणि २४०२ साठी १६० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनेल लागतो, जो पुष्कळ फोनना वापरता येत नाही. म्हणून मी त्या आकड्यापेक्षा मागचे पोर्ट बघतो. स्वस्त राउटरवर अजूनही १०० एमबीपीएसचे पोर्ट सापडतात. त्यावर ३०० चा प्लॅन लावला तर हातात ९५ च्या आसपास येतात आणि वर्षभर माणूस कंपनीशी भांडत राहतो. वॅन (इंटरनेटची तार लागते तो) आणि लॅन (घरातली यंत्रं लागतात ते) दोन्ही पोर्ट गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचे हवेत. डब्ल्यूपीए ३ (वाय-फायच्या कुलुपाची नवी पिढी) सुरक्षा हवी. आणि निर्माता फर्मवेअरचे, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट किती वर्षं देणार हे सांगत नसेल, तर तो राउटर मी तरी घेणार नाही.

घर लांबट असेल, दोन मजली असेल किंवा मधल्या भिंती काँक्रीटच्या असतील तर एकच ताकदवान राउटर शोधत बसू नका. राउटर कितीही मोठ्याने ओरडला तरी फोनला त्याला उत्तर द्यायचं असतं, आणि फोनचा आवाज लहानच राहतो. दोन यंत्रांचा मेश, म्हणजे मिळून एकच वाय-फाय पसरवणारी जोडी, घ्या, आणि शक्य असेल तर ती दोन यंत्रं लॅन केबलने जोडा. बिनतारी जोडणीत, विशेषतः सिग्नल पुढे ढकलणाऱ्या स्वस्त रिपीटरमध्ये, घेणं आणि पुढे पाठवणं एकाच रेडिओवर चालतं, त्यामुळे वेग साधारण अर्धा होतो. मेशचं दुसरं यंत्र सिग्नल पोचतच नाही त्या खोलीत ठेवू नका. जिथवर पहिल्याचा सिग्नल चांगला आहे तिथे, म्हणजे वाटेच्या मध्यावर ठेवा.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६ घ्या. दोन्हीवर १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट जातं, तेव्हा घरासाठी त्याहून भारी लागत नाही. केबलच्या पोटात आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात, १०० एमबीपीएसला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांपैकी एखादी तार दाराखाली चेंगरून तुटली तरी इंटरनेट बंद पडत नाही, फक्त मुकाट्याने १०० वर येतं. वेग नेमका ९५ च्या जवळ अडकला की आधी केबल बदलून बघा.

फायबरच्या बारीक तारेला मात्र वेगळी वागणूक द्या. ती आत काचेची असते. कोपऱ्यात दुमडू नका, गुंडाळायची तर मोठ्या वेटोळ्यात, टोकाला बोट लावू नका आणि टोकात डोळा घालून बघू नका, कारण त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही. हिरव्या टोकाचा कनेक्टर तिरका घासलेला असतो. तो हिरव्याच जागी बसवायचा, निळ्यात नाही. ओएनटीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला तर प्रकाश पोचत नाहीये. अशा वेळी राउटर बंद-चालू करण्यात वेळ घालवू नका, सरळ तक्रार नोंदवा.

वीज जाणाऱ्या घरात छोटा डीसी यूपीएस लागतो. ॲडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून जुळवा, आणि ओएनटी वेगळी असेल तर तिलाही त्यावरच घ्या. फक्त राउटर चालू राहिला तर फोनवर वाय-फायची खूण दिसते, इंटरनेट नसतं.

आता जपून ठेवलेला नकाशा समोर घ्या आणि राउटरची जागा ठरवा. घराच्या मध्याजवळ, छातीपेक्षा उंच आणि उघड्यावर. टीव्हीच्या मागे, लाकडी कपाटात, वायरिंगच्या पत्र्याच्या पेटीत नको. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वाय-फायच्याच पट्टीत, तेव्हा त्याच्यापासून लांब. अँटेनाचा सिग्नल तिच्या टोकातून निघत नाही, बाजूंनी गोल पसरतो. एकाच मजल्यासाठी अँटेना उभ्या ठेवा, वरच्या मजल्यावर पोचवायचं असेल तर एखादी आडवी करून बघा. तार घराच्या कोपऱ्यात येत असेल तर ओएनटी तिथेच राहू द्या आणि लॅन केबल ओढून राउटर मध्यावर आणा. थोडं खोदकाम किंवा पट्टी ठोकणं आलं तरी हा खर्च सगळ्यांत जास्त फळतो.

सेटिंग पहिल्यांदा केबल लावूनच करा. राउटरच्या तळाशी ब्राउझरमध्ये टाकायचा पत्ता असतो, बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१. आधी ॲडमिनचा पासवर्ड बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. मग वॅनची माहिती टाकून इंटरनेट सुरू करा आणि लगेच फर्मवेअर अपडेट करा. कंपनीची पेटी स्वतःच राउटरचं काम करत असेल आणि ब्रिज मोड मिळाला नसेल, तर एकामागे एक दोन राउटर होतात. ब्राउझिंग चालतं, पण गेम आणि घरच्या कॅमेऱ्याची बाहेरून जोडणी अडखळते. अशा वेळी नवं यंत्र ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये टाका, म्हणजे ते फक्त वाय-फाय देईल. दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर एकाचा बदला, नाहीतर ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. काहीही झालं तरी जुन्या पेटीचं वाय-फाय बंद करा.

वाय-फायच्या नावात आडनाव किंवा फ्लॅटचा क्रमांक नको. पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो. चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड घरातल्या वडीलधाऱ्यांनाही टाकता येतो. डब्ल्यूपीए २ आणि ३ चं मिश्र ठेवा म्हणजे जुनी उपकरणंही जोडली जातील. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडण्याची सोय, बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि म्हणून जेमतेम ११,००० प्रयत्नांत सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं. बाहेरून राउटर चालवण्याची सोयही बंद. पाहुणे आणि स्मार्ट बल्ब-कॅमेरे यांच्यासाठी वेगळं गेस्ट नेटवर्क करा. पुष्कळ स्मार्ट उपकरणं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर जोडली जातात, तेव्हा तिथे ती पट्टी चालू ठेवा. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ पैकी शेजारी कमी वापरतात तो घ्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ. ५ वर ८० पुरे. राउटर चालू केल्यावर ५ गिगाहर्ट्झचं नाव दिसायला एखादं मिनिट लागलं तर घाबरू नका. काही चॅनेलवर आधी रडार आहे का हे त्याला ऐकावं लागतं.

शेवटी तोच नकाशा घेऊन घरभर फिरा. फोनवर सिग्नल मोजणारं ॲप टाका आणि प्रत्येक खोलीतला आकडा (डीबीएम) लिहा, तो शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० च्या आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल सुरळीत चालतो, उणे ८० ला तुटायला लागतो. कमी पडतंय तिथे आधी राउटर हातभर सरकवून पुन्हा मोजा. सगळं जमलं की सेटिंगचा बॅकअप काढा, ॲडमिनचा पासवर्ड नकाशाच्या मागे लिहा आणि तो कागद घराच्या इतर कागदपत्रांत ठेवा. जुना राउटर आठवडाभर तसाच राहू द्या, नवा रोज नीट चालतोय हे दिसल्यावर रिसेट करून मगच कोणाला द्या.