हवा कधी जाते? जुन्या ट्रकच्या ब्रेकमधला दोष शोधायला शिकताना

आयटीआयचा ‘मेकॅनिक मोटार व्हेईकल’ हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून मी नागपुरात अमरावती रस्त्यावर, वाडीजवळच्या एका गॅरेजमध्ये उमेदवारीला लागलो, तेव्हा एअर ब्रेकची आकृती मला डोळे मिटून काढता येत असे. कॉम्प्रेसर, हवेच्या टाक्या, पायाखालचा ब्रेक व्हॉल्व्ह, मागच्या चाकांना हवा झटकन पोहोचवणारा रिले व्हॉल्व्ह, हवेच्या दाबाने दांडा ढकलणारे चाकाजवळचे बूस्टर, त्या दांड्याची चाल कमीजास्त करणारा स्लॅक ॲडजस्टर, शू फाकवणारा एस-कॅम आणि ड्रमला आतून घासणारे शू हा क्रम पाठ होता. त्या पाठांतराचा भुर्दंड पहिल्याच महिन्यात एका ट्रकमालकाला पडला.

ट्रक दहाचाकी, बारा-तेरा वर्षांचा. मागच्या ॲक्सलजवळच्या रिले व्हॉल्व्हच्या तोंडातून हवा सारखी फुसफुसत होती. जिथून हवा येते तोच भाग खराब, असे मी धरून चाललो, दोन तास गाडीखाली पडून व्हॉल्व्ह उतरवला आणि नवा बसवला. इंजिन सुरू केले, टाक्या भरल्या, आणि नव्या कोऱ्या व्हॉल्व्हमधून तोच फुसफुसाट सुरू झाला. उस्तादांनी हातातला चहाचा ग्लास बाजूला ठेवला, चाकांना ठोकळे आहेत ना हे पाहिले, केबिनमध्ये चढून हँडब्रेक ओढला. आवाज बंद. हँडब्रेक सोडला, आवाज पुन्हा सुरू. खाली उतरून ते एवढेच म्हणाले, “बाबू, खोल्याच्या आंधी पाह्य, हवा कवा जाते थे.”

झाले होते ते असे. मागच्या चाकांच्या बूस्टरमध्ये दोन कप्पे असतात. एका कप्प्यात पायाच्या ब्रेकची हवा येते, तर दुसऱ्यात जबरदस्त ताकदीची स्प्रिंग असते आणि हँडब्रेक सोडला की तिथे शिरणारी हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते. या दोन कप्प्यांमधले सील झिजले, की स्प्रिंगच्या बाजूची हवा पायाच्या ब्रेकच्या कप्प्यात झिरपते, तिथून पाइपने उलटी रिले व्हॉल्व्हपर्यंत येते आणि त्याच्या तोंडातून बाहेर पडते. हँडब्रेक ओढला की स्प्रिंगचा कप्पा रिकामा होतो, त्यामुळे गळतीही थांबते. व्हॉल्व्हच खराब असता, तर हँडब्रेकच्या स्थितीने आवाजात फरक पडला नसता. डाव्या-उजव्यापैकी दोषी बूस्टर कोणता, हे पायाच्या ब्रेकची नळी एकेक करून सोडली की पाच मिनिटांत कळते, कारण जिथून हवा उलटी येते तोच गुन्हेगार असतो.

तेव्हापासून गाडी आली, की मी पाना हातात घेण्याआधी ड्रायव्हरशी बोलतो. “ब्रेक लागत नाही” या तीन शब्दांत निदान पाच निरनिराळी दुखणी लपलेली असतात. सकाळी लागत नाही की दुपारी, रिकाम्या गाडीला की भरलेल्या, सपाटीवर की घाटात, पहिल्यांदा दाबल्यावर की चार वेळा दाबल्यानंतर, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. ड्रायव्हर लोक आपल्याला वेड्यात काढतील, अशी भीती नवख्यांना वाटते. माझा अनुभव असा, की नीट विचारणाऱ्या मेकॅनिकला ते जास्तच सांगतात.

त्यानंतर हवेचे घड्याळ, म्हणजे टाक्यांतला दाब दाखवणारा काटा. आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत टाक्या भरल्यावर काटा साधारण 7 ते 8 किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) थांबतो. तो तिथवर पोहोचायला फार वेळ घेत असेल, तर चाकांकडे जाण्याआधी कॉम्प्रेसर, त्याचा एअर फिल्टर, त्यातून निघणाऱ्या नळीत साचलेली काजळी आणि टाक्या भरल्यावर कॉम्प्रेसरची हवा थांबवणारा अनलोडर पाहावा. टाक्यांचे खालचे नळ सोडून पाहणे तर कोणीही करू शकतो, आणि तरीही ते जवळजवळ कोणीच रोज करत नाही. स्वच्छ पाणी निघाले तर ते पावसाळ्यात अपेक्षितच आहे, पण दुधट, चिकट राळ निघाली तर कॉम्प्रेसर ऑइल फेकतो आहे आणि ते ऑइल पुढे प्रत्येक व्हॉल्व्हचे रबर फुगवत आहे, असे समजावे.

गळतीची परीक्षा इंजिन बंद करून घ्यायची. चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, हँडब्रेक सोडावा आणि काटा पाहत बसावे. मग ब्रेक पूर्ण दाबून तसाच धरावा आणि पुन्हा पाहावे. ब्रेक न दाबता काटा उतरत असेल, तर दोष टाक्या, त्यांच्या नळ्या, व्हॉल्व्हच्या आत येणाऱ्या बाजू किंवा स्प्रिंगचा कप्पा यांत असतो. दाबल्यावरच उतरत असेल, तर तो व्हॉल्व्हच्या पुढे, म्हणजे चाकांकडे जाणाऱ्या नळ्यांत किंवा बूस्टरच्या डायफ्राममध्ये, म्हणजे आतल्या रबरी पडद्यात असतो. या एका फरकाने अर्धी गाडी शोधातून वगळली जाते. उरलेल्या अर्धीवर साबणाचे पाणी लावावे. अमेरिकेत जड वाहनांच्या परवान्याच्या परीक्षेत, ब्रेक दाबून धरला असता एकसंध (ट्रेलर न जोडलेल्या) ट्रकची हवा मिनिटाला 3 पीएसआयपेक्षा (चौरस इंचाला 3 पौंडांपेक्षा) जास्त उतरू नये असा दंडक आहे. हे प्रमाण जेमतेम 0.2 किलो भरते, म्हणजे जुन्या घड्याळावर काटा हलला की नाही अशी शंका यावी इतकेच. आपल्याकडे ‘थोडीशी हवा जाते’ म्हणून ज्या गाड्या धावतात, त्या यापेक्षा किती पुढे असतात हे मोजून पाहण्यासारखे आहे.

हवा ठीक असूनही ब्रेक कमजोर असेल, तर खडू घ्यावा. ब्रेक सोडलेला असताना बूस्टरच्या दांड्यावर खूण करावी, मदतनिसाला ब्रेक पूर्ण दाबायला सांगावे आणि खूण किती सरकली ते पट्टीने मोजावे. 30 चौरस इंची डायफ्रामचा नेहमीचा बूस्टर 7 किलो दाबाला सुमारे 1350 किलोंचा जोर लावतो, पण दांडा 2 इंचांपलीकडे गेला की तो जोर झपाट्याने घटतो. त्यात ड्रम तापून फुगला, की शूपासून आणखी दूर जातो आणि दांड्याला तेवढे जास्त सरकावे लागते. म्हणूनच गॅरेजच्या दारात ठणठणीत असलेली गाडी घाटात दगा देते.

इथे नवखे हटकून एक चूक करतात, आणि मीही ती केली आहे. दांडा जास्त सरकला, की लगेच स्लॅक ॲडजस्टर आवळायचा. तो आवळावा लागतो हे खरे, आणि लायनर, म्हणजे शूवरचे घासणारे अस्तर, ड्रमला टेकल्यावर थोडा मागे सोडून चाक मोकळे फिरते का, हेही पाहावे लागते. परंतु कॅमचे बुश खाल्ले असतील किंवा लायनर संपले असेल, तर आवळण्याने दोष फक्त आठवडाभर झाकला जातो.

दोन गोष्टी मात्र शिकवताना मी आवाज चढवून सांगतो. आतल्या स्प्रिंगला तिच्या लांब बोल्टने जखडल्याशिवाय स्प्रिंग बूस्टरचे दोन भाग धरून ठेवणारा पट्टा कधीही खोलू नये. तो सुटला तर माणूस जागीच जातो. आणि ड्रममधली धूळ हवेच्या फवाऱ्याने उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने ती पुसून घ्यावी.

मागच्या उन्हाळ्यात मध्य प्रदेशातल्या शिवनीहून कुरई घाट उतरून आलेला एक जुना ट्रक आमच्याकडे थांबला. घाटात ब्रेक कमी पडतो आणि गाडी उजवीकडे ओढते, अशी तक्रार होती. मालकाने येतानाच फोनवर उजव्या चाकाचे लायनर बदलायला सांगून ठेवले होते. गाडी नुकतीच थांबली होती, म्हणून मी हात न टेकवता, वितभर अंतरावरून प्रत्येक ड्रमची धग पाहत फिरलो. उजवा पुढचा ड्रम भाजत होता. डाव्या पुढच्याजवळ फक्त मे महिन्याची धग होती. काम न करणारा ड्रम थंड राहतो आणि त्याच्या वाटणीचे काम दुसरा करतो. डावीकडचा एस-कॅम ग्रीस न मिळाल्याने बुशमध्ये गंजून धरला होता आणि दांडा जेमतेम अर्धा इंच सरकत होता. कॅम काढला, बुश नवे घातले, दोन्ही बाजूंचे स्लॅक सारखे केले आणि बायपासवर एक चक्कर मारून आलो. उतरल्यावर ड्रायव्हर माझ्याआधीच डाव्या चाकाशी वाकला होता. “आता तापला,” तो म्हणाला, आणि मालकाला फोन लावला.