काटा सुरू व्हायच्या आधी मर्जचे नियम

सीतादही, म्हणजे कापूस वेचणीआधीची शेतातली पूजा, झाली की वेचणी लागते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास जिनिंगचे काटे सुरू होतात. यवतमाळकडच्या एखाद्या जिनिंगचं काटापट्टीचं सॉफ्टवेअर तिघं मिळून सांभाळत असाल, तर मर्जचे नियम, म्हणजे एकेकाचा कोडमधला बदल मुख्य कोडमध्ये कसा मिसळायचा ते, त्याआधीच लावा. गाड्यांची रांग लागल्यावर सेटिंग उघडायला कोणाला सवड नसते.

आधी रिपॉझिटरी, म्हणजे गिटहब या साइटवर ठेवलेला तुमचा कोड, कोणत्या प्लॅनवर आहे ते पाहा. गिटहबच्या फुकट प्लॅनमध्ये ब्रँच प्रोटेक्शन (कोडच्या एखाद्या ब्रँचला, म्हणजे शाखेला, नियमांचं कुलूप) पब्लिक रिपॉझिटरीला मिळतं, प्रायव्हेटला नाही. मग 'मेन' या मुख्य ब्रँचवर थेट पुश, म्हणजे बदल सरळ चढवणं, बंद करून पुल रिक्वेस्ट (बदल तपासून मिसळा अशी विनंती) सक्तीची करा. फोर्स पुश (जुना इतिहास पुसून नवा लादणं) आणि ब्रँच डिलीट आपोआप बंद होतात, ते तसंच राहू द्या.

खरा वाद होतो तो मंजुऱ्या किती यावर. गिटहब सहापर्यंत मागू देतं, पण तिघांना एकच पुरे. आपली पुल रिक्वेस्ट आपल्याला मंजूर करता येत नाही. म्हणजे दोन ठेवल्या तर उरलेले दोघंही हवेत, अन् एकाच्या गावची लाइन गेली की काम ठप्प. लाइन काही सांगून जात नाही, बाप्पा! मंजुरीनंतर नवा कमिट, म्हणजे नोंदवलेला बदल, आला तर जुनी मंजुरी रद्द करणारा पर्याय मात्र चालू ठेवा. मोबाइल अ‍ॅपवरूनही मंजुरी देता येते, ते तिघांच्याही फोनमध्ये असू द्या.

कोडओनर्स फाइल (कोणत्या फाइलच्या बदलाला कोणाची मंजुरी हवी ते सांगणारी) फक्त पैशाच्या भागासाठी लिहा. कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, १२ च्या वर सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, घेतच नाही. हा हिशेब ज्या फाइलमध्ये आहे तिला दोन मालक द्या. एकच दिला आणि बदल त्यानंच केला तर मंजूर कोण करणार? दोघांनाही राइट अ‍ॅक्सेस लागतो.

जी टेस्ट सक्तीची करायची ती आधी एकदा चालवून घ्या. गेल्या ७ दिवसांत चाललेलीच चेक, म्हणजे टेस्टची नोंद, निवडायला दिसते. ती टेस्ट आपोआप चालवणाऱ्या वर्कफ्लोला पाथ फिल्टर (ठराविक फाइली बदलल्या तरच चालण्याची अट) नको. नुसती रीडमी, म्हणजे माहितीची फाइल, बदलली तरी वर्कफ्लो वगळला जातो, चेक 'पेंडिंग'वर अडकते आणि मर्ज होत नाही. मर्जआधी ब्रँच 'मेन'च्या बरोबरीला आणायची सक्ती मी तरी लावणार नाही. एकाचं मर्ज झालं की बाकीच्यांना पुन्हा अपडेट, पुन्हा टेस्ट, आणि तेही गावाकडच्या नेटवर. त्यापेक्षा ब्रँच दिवस-दोन दिवसांत मिटतील एवढ्याच ठेवा आणि मर्जनंतर 'मेन'वर टेस्ट परत चालवा, कारण वेगवेगळे बरोबर असलेले दोन बदल एकत्र आल्यावर बिघडू शकतात.

मर्जमध्ये स्क्वॅश (सगळे कमिट एकत्र करण्याची पद्धत) तेवढा चालू ठेवा, म्हणजे एका कामाचा एकच कमिट होतो आणि उलटवायला सोपा जातो. रिव्हर्टचं, म्हणजे बदल उलटवायचं, बटणही नवी पुल रिक्वेस्टच उघडतं आणि तिलाही मंजुरी लागते. अ‍ॅडमिनलाही नियम लागू करणार असाल, आणि करायलाच हवेत, तर रात्री काटा अडल्यावर फोन उचलणारा दुसरा माणूस कोण, हे आजच ठरवून घ्या.