रेडिओॲक्टिव्ह वेस्टच्या डब्यावर तारीख टाकायला विसरू नका

कोल्हापुरात लॅबमध्ये काम करणाऱ्या पोरापोरींनो, रेडिओॲक्टिव्ह वेस्ट ठेवताना डब्याच्या लेबलवर आयसोटोपचं (म्हणजे कुठला रेडिओॲक्टिव्ह पदार्थ, त्याचं) नाव, ॲक्टिव्हिटी (म्हणजे त्याचा किरणोत्सार किती) आणि तारीख पेन्सिलनं लिहा, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात शाई फुटते आणि मग डबा कधीचा तेच कळत नाही. फॉस्फरस-३२ चं हाफ लाइफ, म्हणजे किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा वेळ, साधारण १४ दिवस, म्हणजे १० हाफ लाइफ धरून ५ महिने तरी ठेवायचंच, आणि ते जाड ॲक्रिलिकच्या मागं, नुसत्या शिशाच्या नाही, शिशात उलट जास्त एक्स-रे तयार होतात बघा. कार्बन-१४ त्यात अजिबात मिसळू नका, त्याचं हाफ लाइफ सुमारे ५७३० वर्षं! टाकताना सर्व्हे मीटरनं (रेडिएशन मोजायच्या यंत्रानं) मोजून, रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला विचारून, डब्यावरचं रेडिएशनचं चिन्ह खोडून मगच.