किसुमूला सेवेसाठी निघालेल्या साठीपुढच्या जोडप्यासाठी तयारीची यादी

चर्चच्या मंडळीने तुम्हा दोघांना केनियात, किसुमू शहरात पाठवायचं ठरवलं, प्रार्थना झाली, हार घालून झाले, की घरात पहिली धावपळ सुरू होते ती बॅगांची. बॅग शेवटच्या आठवड्यातही भरता येते. ज्या कामांना महिने लागतात ती आधी हातात घ्या. त्यातलं पहिलं म्हणजे तिकडच्या मंडळीकडून दोघांच्याही नावाने काम लिहून घेणं.

पत्र बहुतेक वेळा ‘श्री. व सौ.’ असं येतं आणि आत काम मात्र एकाचंच लिहिलेलं असतं. सर शाळेत शिकवणार किंवा हिशेब बघणार, बाई ‘सोबत’. मग सकाळी आठला नवरा बाहेर पडला की अनोळखी गावात, न कळणाऱ्या भाषेत, तिचा अख्खा दिवस मोकळा. खूप चांगल्या, कामसू बायका अशा बसून बसून खचलेल्या मी पाहिल्या आहेत. मी नर्स होते म्हणून मला दवाखान्यात काम मिळालं, पण शिवण, शिशुवर्ग, संडे स्कूल, स्वयंपाकघराचा हिशेब यांतलं काहीही चालतं. फक्त आठवड्यातले किती दिवस, कुठे आणि कोणाच्या हाताखाली, हे स्पष्ट लिहून आलं पाहिजे. ‘कोणाच्या हाताखाली’ यावर मी विशेष जोर देते. तिथली मेट्रन तीस वर्षांची असेल, आपली नोकरी तिच्या वयापेक्षा जास्त झालेली असेल, तरी वॉर्ड तिचा आहे. हे मनाशी पक्कं करून निघा.

आता तब्येत. यलो फीवरची (पीतज्वराची) लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. दाखला एकदा मिळाला की आयुष्यभर चालतो. केनियातून भारतात परतताना तो विचारतात, आणि नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. पण साठीनंतर पहिल्यांदाच ही लस घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो. म्हणून रांगेत उभं राहण्याआधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बसून बोला. थायमस या छातीतल्या ग्रंथीचा आजार, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं, जुना कर्करोग असं काही असेल तर लपवू नका. लस नको असं ठरलं तर तसं लेखी घ्या आणि परतीच्या बेतात ते 6 दिवस धरा.

मलेरिया त्याहून जवळचा. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे आणि तिथे मलेरिया वर्षभर असतो. प्रतिबंधक गोळ्या तीन-चार प्रकारच्या आहेत, आणि आपल्या वयाला त्यातली प्रत्येक चालतेच असं नाही. मूत्रपिंडाचं काम फार मंदावलं असेल तर एक चालत नाही, पूर्वी नैराश्याचा त्रास झाला असेल तर दुसरी चालत नाही, तिसरीने उन्हात कातडी भाजते. आधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासा, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, आणि मगच गोळी ठरवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तेही सांगा. मच्छरदाणी तिथे मिळते, पण ती खोचायची शिस्त इथूनच न्यावी लागते. ताप आला तर ‘बघू उद्या’ नाही, त्याच दिवशी रक्त तपासायचं. सरोवराच्या पाण्यात पाय सोडून बसू नका. त्या पाण्यातून बिल्हार्झिया हा जंतांचा आजार होतो.

रोजच्या औषधांची निदान तीन महिन्यांची बेगमी मूळ पाकिटांत ठेवा, सोबत चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. भारतीय कंपन्यांची औषधं केनियात सर्रास मिळतात, पण ब्रँड वेगळा असू शकतो. यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी तशाच मूळ नावावरून घेत असे. इन्सुलिन असेल तर तिकडच्या घरात फ्रिज आहे का आणि वीज किती वेळ जाते, हे निघण्याआधी विचारा. दातांचं काम, मोतीबिंदूची तपासणी, चष्म्याचा दुसरा जोड इथेच उरका. विमा घेताना वयाची मर्यादा आणि जुन्या आजारांचं कलम स्वतः वाचा, एजंटच्या तोंडी भरवशावर राहू नका.

कागदपत्रांत एक गोष्ट कडक पाळा. जानेवारी 2024पासून केनियात व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे ऑनलाइन प्रवास-परवानगी आहे, पण तो पाहुण्यांसाठी. सेवेचं काम करायचं तर धार्मिक आणि धर्मादाय कामाचा ‘आय’ वर्गाचा परवाना लागतो आणि तो तिकडच्या संस्थेने काढायचा असतो. ‘या तर खरं, नंतर बघू’ असं कोणी म्हणालं तर थांबा. परवान्याशिवाय काम केलं तर अडचणीत तिकडची मंडळीही येते.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला विसरू नका. मोबाइलवर चेहरा दाखवून तो देता येतो. इथे असतानाच एकदा करून पाहा, मुलाला सांगून नव्हे, स्वतःच्या हाताने. नाही जमलं तर नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयात जावं लागेल, आणि ते किसुमूहून साडेतीनशे किलोमीटर आहे. बँकेचा ओटीपी जुन्या नंबरवरच येतो, म्हणून ते सिम रोमिंगसह चालू ठेवा. खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं) करावं लागेल का, हे शाखेत विचारून घ्या. मृत्युपत्र, वारसनोंद आणि सोसायटीचे पैसे मार्गी लावा. किल्ली एका विश्वासू घरी द्या.

बॅगेबद्दल थोडक्यात. प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगा अजिबात नेऊ नका, चपला गुंडाळायलाही नाही. ऑगस्ट 2017पासून केनियात त्यांच्यावर बंदी आहे आणि दंड जबर आहे. कापडी पिशव्या शिवून घ्या. प्लग तिथे चौकोनी तीन पिनांचे असतात, त्यामुळे दोन अडॅप्टर हवेत. डाळ, हळद, जिरं भरू नका. रेल्वे 1901 साली सरोवरापर्यंत पोचली, तिच्याबरोबर आपल्याकडचे मजूर आणि दुकानदारही गेले, आणि किसुमूत आजही भारतीय दुकानं आहेत. गोडा मसाला आणि भाजणी मात्र न्या. रविवारचे कपडे चांगले घ्या. तिथले लोक उपासनेला इस्त्रीचे, नीटनेटके येतात, आणि आपण मळखाऊ कपड्यांत गेलो तर त्यांना तो अनादर वाटतो. साडी आवडते सगळ्यांना, पण पावसात चिखल होतो, दोन लांब स्कर्ट जवळ असू द्या. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा.

आता रोजचा दिवस. किसुमू विषुववृत्तालगत असल्याने बाराही महिने साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेसहा-पावणेसातला अंधारतं. स्वाहिलीत तास सकाळपासूनच मोजतात, सकाळचे सात म्हणजे पहिला तास. ‘सा ताटू’ला, म्हणजे तिसऱ्या तासाला या असं कोणी म्हणालं तर नऊला जायचं, तीनला नव्हे. पहिल्या महिन्यात वेळ घड्याळावर बोट ठेवूनच ठरवा. अंधार पडल्यावर पायी फिरू नका, बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसू नका. या वयात मोडलेलं हाड महिने खातं. पैशांचे बहुतेक व्यवहार एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरच्या पैशांच्या खात्यावर होतात. पोचल्यावर पासपोर्ट दाखवून सिम घ्या आणि दोघांचीही खाती उघडा.

सकाळी भेटेल त्याला ‘ओयावोरे’ (सुप्रभात) म्हणा, निघताना ‘एरोकमानो’ (आभार). स्वाहिली कामाला येते, पण लुओत, म्हणजे तिथल्या स्थानिक भाषेत दोन शब्द बोललात की म्हाताऱ्या आया हात सोडत नाहीत. घरभेटीला वेळ राखून जा. आधी घरातली मुलगी एका हातात जग आणि दुसऱ्या हातात घमेलं घेऊन येते, एकेकाच्या हातावर कोमट पाणी ओतते, वयाने मोठ्यांपासून सुरुवात करते. मग प्रार्थना, मग उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), हिरवी भाजी, बहुधा तळलेला मासा. ओमेना नावाची वाळवलेली बारीक मासळी वाढली तर तिचा वास आपल्या सुकटीसारखाच. न खाता उठणं त्यांना लागतं. चहा थर्मासमधून येतो, दूध-साखर आधीच उकळलेली. मधुमेह असेल तर आल्या आल्या सांगा, ओतल्यावर नको. रविवारची उपासना लांबते आणि पाहुण्यांना उभं करून चार शब्द बोलायला लावतात. दोघांनीही ते चार शब्द तयार ठेवावेत. नवऱ्याने दोघांच्या वतीने बोलू नये.

पैसे मागितले जातील. मुलीची फी, आईचं ऑपरेशन, छताचे पत्रे. गरज खरी असते, म्हणूनच मन पिळवटतं. पहिल्याच आठवड्यात तिथल्या पाळकांशी (पास्टरांशी) बसून ठरवा की मदत मंडळीच्या हातूनच जाईल, आणि दरमहा किती ते आपसांतही ठरवा. आपण दीड-दोन वर्षांनी परत येणार. आपल्या खिशावर उभी राहिलेली फी तेव्हा बंद पडते आणि मुलगी शाळेतून घरी बसते. मंडळीतून दिलेली मदत आपल्यामागेही चालू राहते.

शेवटी तुम्हा दोघांचं. चाळीस वर्षांच्या संसारात इतका वेळ एकमेकांसमोर कधी काढलेला नसतो. घरकामाची वाटणी निघण्याआधी करा. आमच्याकडे चहा आणि भांडी यांच्याकडे होती, ते इथूनच सुरू केलं. आठवड्यातला एक दिवस सेवेचा नाही असं तिकडे आधीच कळवा आणि त्या दिवशी दार लावून झोपा. संध्याकाळची प्रार्थना दोघांनी मिळून, मराठीत करा. मुलांना फोन त्यांच्या सोयीने. भारत अडीच तास पुढे आहे, म्हणजे तिथल्या साडेपाचला इथे आठ. एकाला दवाखान्यात ठेवावं लागलं तर कुठे न्यायचं, गाडी कोणाची, दुसऱ्याजवळ रात्री कोण थांबणार आणि मुलांपैकी कोणाचा पासपोर्ट तयार आहे, हे एका कागदावर लिहा. एक प्रत पाळकांना, एक मुलांना, आणि एक तिथल्या घराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायला.